जायबंदी खेळाडूला ग्राउंडवरून घरी पाठवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की खेळाने माणूस घडतो, मन मोठं होतं, खेळातून अध्यात्म कळतं वगैरे जे काही बोललं जातं ते सगळं हरलेल्यांनी आणि जायबंदी झालेल्यांनी स्वतःची समजूत घालायला शोधून काढलेलं आहे, खेळ म्हणजे पदक, मार्क आणि नोकरी, बाकी सगळ्या गप्पा. ते पत्र वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीये. कारण मी हरलेली पण आहे आणि जायबंदी पण, म्हणजे ते जे काही लिहिलंय ते माझ्यासारख्यांबद्दलच आहे, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. आमच्या खान्देशातली पोरं नुसती हौस म्हणून खेळत नाहीत. कापसाचा भाव पडला की घरात काय होतं हे लहानपणापासून बघितलेली पोरं आहेत ती. पहाटे अंधारात गावाबाहेरच्या डांबरी रोडवर जी रांग पळताना दिसते ती पोलीस भरतीची, मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, मैदानीचे ५० मार्क, आणि धुळ्याला एसआरपीची, म्हणजे राज्य राखीव पोलिसांची भरती निघाली तर ५ किलोमीटरची तयारी वेगळी. दहावी-बारावीला खेळाचे ग्रेस गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. आपल्या चाळीसगाव तालुक्यातला विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा लागोपाठ तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला आणि पोलीस खात्यात डीवायएसपी झाला, तेव्हा तालमीत पोरगा घालणाऱ्या कितीतरी बापांना धीर आला असेल. यात चूक काही नाही. नोकरीसाठी खेळणाऱ्याला कोणी कमी लेखू नये, मी तर मुळीच लेखणार नाही, मी पण त्यासाठीच खेळत होते.

पण नोकरीच्या रस्त्यावर ज्याचा पाय मोडतो त्याचं काय होतं, हे त्या पत्रात कुठेच नव्हतं.

मी खो-खो खेळायचे. शाळेत सुरुवात झाली, मग कॉलेज, मग जिल्ह्याची टीम. आक्रमणात खांबाशेजारचा चौक माझा असायचा, खांबाला हात लावून अंग झोकून द्यायचं आणि पलीकडे वळणाऱ्या पोरीला टिपायचं हे काम माझं. आमचं ग्राउंड काळ्या मातीचं. ज्याने काळ्या मातीवर खेळलंय त्याला माहीत आहे, पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल आणि थंडी सरत आली की भेगा, इतक्या की पायाचा अंगठा आत जाईल. आम्ही प्रॅक्टिसच्या आधी घमेल्याने माती आणून भेगा बुजवायचो, पाणी मारायचो, पण संध्याकाळपर्यंत परत उघडायच्या. सिलेक्शनच्या थोडं आधी खांब वळताना माझा पाय तसाच अडकला, अंग पुढे गेलं, गुडघा मागेच राहिला. कट् करून आवाज आला तो बसलेल्या पोरींनाही ऐकू गेला. मी उठले, दोन पावलं टाकली आणि गुडघा आपोआप मुडपला, जसं काही आत हाडच नाही. घरी पोचेपर्यंत गुडघा टम्म फुगलेला.

पुढचं सगळं आपल्याकडे होतं तसंच झालं. पाय बसवून देणाऱ्या माणसाकडे नेलं, त्याने ओढला, पिळला, हळद-तेल लावून पट्टी बांधली. सूज उतरली तर सगळ्यांना वाटलं बरी झाली. मी परत पळायला गेले, परत पडले. एमआरआय खूप नंतर झाला, तेव्हा कळलं की गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट तुटलंय, मांडीचं हाड आणि नडगीचं हाड जागेवर धरून ठेवणारा तो दोर असतो, आणि तो पूर्ण तुटला की ओढून, चोळून, बांधून जुळत नाही. ऑपरेशन सांगितलं, त्यात मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून तिथे बसवतात, नंतर निदान नऊ महिने नीट व्यायाम करून मग मैदान. वडिलांनी खर्च विचारला आणि गप्प झाले. त्या वर्षी बोंडअळीने कापूस खाल्लेला. मी त्यांना म्हटलं राहू द्या. घरी येणारे-जाणारे म्हणायचे, पोरीच्या जातीला हे उद्योग सांगितले कोणी, आता लंगडत राहिली तर कोण पदरात घेईल हिला.

आता इथे मला त्या गृहस्थांना एक सांगायचंय, की दुःख झालं म्हणून माणूस आपोआप चांगला होतो असं मी बिलकुल म्हणत नाही. मी चांगली वगैरे काही झाले नव्हते. माझ्या जागी जी पोरगी टीममध्ये गेली तिचा पेपरात फोटो आला तर मी तो पेपर उलटा करून ठेवला. देवघरासमोर बसणं बंद केलं, आई दिवा लाव म्हणायची तर उठून जायचे. दुखण्याने माणसं कडू होतात हे मी स्वतःत बघितलंय आणि इतरांतही, आमच्या भागात एक पैलवान होते, खांदा गेल्यानंतर त्यांनी आयुष्यभर तालमीतल्या पोरांना फक्त शिव्या दिल्या, बाकी काही दिलं नाही. त्यांना कोणी परत आखाड्यात बोलावलंच नव्हतं. म्हणून मला वाटतं की दुःखाने काय होईल हे दुःखावर कमी आणि त्या वेळी जवळ कोण उभं राहिलं त्यावर जास्त अवलंबून असतं.

माझ्याजवळ आमचे खेळाचे सर उभे राहिले. त्यांनी मोठं काही केलं नाही, समजावलं नाही, खेळाडूने हिंमत हरू नये असलं भाषणही दिलं नाही. एक दिवस घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, उद्यापासून चार वाजता ये, मला गुणपत्रक लिहायला माणूस लागतो. बस. स्टॉपवॉच हातात दिलं, पॅड दिलं, खुर्ची मांडली. पहिले काही दिवस मला ते अपमानासारखं वाटायचं, सगळ्या पळतायत आणि मी खुर्चीत. पण लिहायला बसलं की बघावं लागतं, आणि बघितल्यावर एकेक दिसायला लागलं जे खेळताना मला कधीच दिसलं नव्हतं.

खो-खोत बारा जणींची टीम असते, नऊ खेळतात, तिघी राखीव. मी सतत खेळणाऱ्या नऊमध्येच होते त्यामुळे राखीव पोरी म्हणजे पाण्याची बाटली आणून देणाऱ्या एवढंच मला ठाऊक. खुर्चीत बसल्यावर कळलं की त्यांच्यातली एक प्रत्येक सामन्याला नवीन रिबीन बांधून येते, वॉर्म-अप सगळ्यांच्या आधी सुरू करते, आणि सामना संपला की चटया गोळा करून शेवटी निघते, एकदाही आत न जाता. संरक्षणाला तीन-तीनची तुकडी उतरते, त्या तिघींची नावं मी लिहायचे, आणि उतरायच्या आधी कुणाचे ओठ हलतात, कोण छातीला हात लावते, कोण बाद झाल्यावर रेषेबाहेर येऊन पाठ फिरवून उभी राहते म्हणजे रडताना दिसू नये, हे सगळं माझ्यासमोर दोन हातांवर घडत होतं. खेळताना मला समोरची पोरगी म्हणजे बाद करायचा एक गडी, एवढंच दिसायचं. आता तिचा चेहरा दिसत होता.

आणि एक प्रसंग तर सांगायलाच पाहिजे. विभागीय स्पर्धेला मी सरांबरोबर मदतनीस म्हणून गेले होते. आपला विभाग नाशिक, त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोरी तिथे एकमेकींना भिडतात. नंदुरबारकडून आश्रमशाळेची टीम आली होती, सातपुड्यातल्या पोरी, सगळ्या अनवाणी, आणि चपळ म्हणजे किती चपळ, साखळी धरून, म्हणजे बसलेल्या पोरींच्या मधून नागमोडी, पळायला लागल्या की आमच्या पोरींना खो द्यायला सुचेना. मध्यंतरात त्यांच्यातली एक माझ्या खुर्चीच्या मागे येऊन बसली. टाच उभी फाटलेली, आत माती गेलेली, रक्त येत होतं. तिने बाटलीतलं पाणी ओतलं, ओढणीच्या टोकाने पुसलं आणि वेणीची रिबीन सोडून टाचेला गुंडाळायला लागली, ती सारखी सुटत होती. तिने आजूबाजूला कोणाकडे बघितलं पण नाही, मदत मागायची असते हेच तिला माहीत नसावं. माझ्या बॅगेत गुडघ्याची क्रेप पट्टी कायम असायची. मी खाली बसले, म्हणजे बसता येत नव्हतं नीट, एक पाय लांब करून बसले, आणि तिच्या टाचेवरून घोट्यावरून आठच्या आकड्यात ती पट्टी बांधून दिली. ती माझ्या गुडघ्याकडे बघून म्हणाली, ताई, तुमचं पण दुखतं ना. मग दुसऱ्या डावात ती उतरली आणि आमच्या पोरींना इतकं पळवलं की आम्ही सामना हरलो.

परतीच्या गाडीत काही पोरी माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचंही बरोबर होतं. मी घरी येऊन आजीला सांगितलं. आजी अहिराणीशिवाय बोलायची नाही, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "तुना पाय दुखना, तवय तुले दुसराना पाय दिखना." आणि परत तांदूळ निवडायला लागली.

आजीला पायांबद्दल बोलायचा अधिकार होता. ती मुक्ताईनगरहून आषाढीला निघणाऱ्या मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जायची. ही पालखी खूप लांबून जाते, खान्देशातून निघून विदर्भातून, मराठवाड्यातून, महिनाभर चाल असते. आजी सांगायची की वारीत पहिले काही दिवस प्रत्येकजण आपापल्या पायाचं बघतो, फोड आले, तळवे जळाले, चप्पल तुटली. आणि मग कधीतरी मुक्कामाला कोणीतरी अनोळखी बाई येऊन आपले पाय मांडीवर घेते, सुईदोऱ्याने फोड फोडते, तेल लावते, नाव गाव विचारत नाही. दुसऱ्या मुक्कामाला आपण कोणाचे तरी पाय मांडीवर घेतलेले असतात. आजी अडाणी होती, तिने ग्रंथ वाचले नव्हते, पण मला अध्यात्म म्हणून जे काही कळलंय ते तिच्याकडून आणि त्या गुणपत्रकाच्या खुर्चीवरून. डोळे मिटल्यावर काही दिसलं वगैरे असं मला कधी झालं नाही. झालं ते एवढंच की आधी दिवसभर मी, माझं सिलेक्शन, माझा गुडघा, माझं नशीब हेच चालायचं, ते हळूहळू कमी झालं आणि त्या मोकळ्या जागेत दुसरी माणसं आली. देवासमोर परत बसायला लागले ते पण तेव्हाच, आणि मागायला बसले नव्हते.

ते गृहस्थ म्हणतील की ही झाली खेड्यातल्या जायबंदी पोरीची गोष्ट. मग ज्यांनी पदक मिळवलंय त्यांचंच बघू. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, १ ऑगस्ट २०२१ ला, उंच उडीत इटलीचा जियानमार्को ताम्बेरी आणि कतारचा मुताझ बर्शिम दोघे २.३७ मीटरवर थांबले, २.३९ दोघांनाही तीन प्रयत्नांत जमलं नाही. पंच म्हणाले जंप-ऑफ करू, म्हणजे एक जिंकेपर्यंत परत उड्या मारायच्या. बर्शिमने विचारलं, दोघांना सुवर्ण देता येईल का? देता येतं म्हटल्यावर दोघांनी एकमेकांना मिठी मारली. लोक तो व्हिडिओ मैत्री म्हणून बघतात आणि ती मैत्री आहेच, पण ताम्बेरीचा घोटा २०१६ मध्ये रिओच्या तोंडावर गेला होता आणि त्याचं ते ऑलिम्पिक हुकलं, पायाचं प्लास्टर त्याने जपून ठेवलं आणि टोकियोला मैदानात घेऊन आला. बर्शिमच्या घोट्यालाही २०१८ मध्ये मोठी दुखापत झाली होती. म्हणजे ज्या क्षणी एकाला दुसऱ्याला हरवता आलं असतं त्या क्षणी समोर कोण उभा आहे आणि तो कुठून परत आलाय हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते खरं आहे, पण कळल्यावर दुसऱ्याचं जळतं तेही कळायला लागतं, आणि ही हरलेल्यांनी काढलेली समजूत कशी म्हणायची, दोघेही ऑलिम्पिक सुवर्णवाले आहेत.

आपल्या महाराष्ट्रातले मुरलीकांत पेटकर तर कितीतरी आधीचे. सैन्यात बॉक्सर होते, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग संपलं, मग पोहायला लागले आणि १९७२ ला जर्मनीत हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये भारताला पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. एवढी वर्षं लोकांना त्यांचं नाव माहीत नव्हतं. आणि पॅरिसला २०२४ मध्ये पाकिस्तानच्या अर्शद नदीमने ९२.९७ मीटर भाला फेकून सुवर्ण नेलं आणि आपल्या नीरज चोप्राला रौप्य मिळालं, तेव्हा नीरजची आई म्हणाली की तो पण आमचाच मुलगा आहे. नीरज तेव्हा दुखऱ्या जांघेने खेळत होता. पोराच्या दुखण्यात जिने रात्री काढल्यात ती आई दुसऱ्याच्या पोराबद्दल असं बोलली, हे ऐकून मी मोबाईल हातात धरून कितीतरी वेळ तशीच बसले.

पण आता एक उलटी गोष्ट, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. दुखण्यातून माणूस शिकतो म्हणून पोरांना दुखू द्यावं असं कृपा करून कोणी समजू नका. ग्राउंडवर पोरगं नडगी धरून बसलं की सहन कर, सहन केल्याशिवाय खेळाडू होत नाही असं म्हणणारे कोच मी बघितलेत, ती काही तपश्चर्या नव्हे. भरतीची पोरं डांबरी रोडवर रोज पळून नडगीला सूज आणतात आणि पेनकिलर घेऊन परत पळतात, आणि हाडाला बारीक चीर गेलेली असली तर भरतीच्या आधीच बसतात घरी. मुलींमध्ये एसीएल तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, उडी मारून उतरताना आणि पटकन वळताना गुडघे आत जातात त्याने, आणि हे कमी करायचे व्यायाम आहेत, उतरायची पद्धत शिकवता येते, वॉर्म-अपमध्ये दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. मला ते कोणी शिकवलं नाही कारण सरांनाही कोणी शिकवलं नव्हतं. टाळता येतं ते दुखणं टाळलंच पाहिजे. जे आलंच आहे त्याच्याबद्दल मी बोलतेय.

२०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी आणि मुलांनी दोघांनीही फायनलला नेपाळला हरवलं, दोन्ही टीमचे कॅप्टन महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. मॅटवर खेळ, लाइट, टीव्हीवर मॅच. मी आमच्या पोरींना घेऊन शाळेत बघितली, त्या ओरडून ओरडून घसा बसवून घेत होत्या. मला आनंद झालाच, आणि वर्ल्ड कपनंतर ग्राउंडवर येणाऱ्या मुली वाढल्यात हे पण चांगलंच आहे. म्हणजे गुडघे पण वाढले. मॅट दिल्लीला आहे, आमच्याकडे अजून भेगाच आहेत.

म्हणून तुम्हाला विनंती अशी आहे. क्रीडा पानावर निकाल देताना अमुक खेळाडूला दुखापतीमुळे मैदान सोडावं लागलं अशी एक ओळ असते आणि तिथेच ते संपतं. तुमच्या तालुका वार्ताहरांनी महिन्याभराने जाऊन विचारावं की त्या पोराचं, पोरीचं पुढे काय झालं, डॉक्टरकडे नेलं की ओढून बसवलं, शाळा चालू आहे का, ग्राउंडवर येतो का. तेवढं छापून आलं तर घरचे, गावातले, संघटनेतले लोक हलतात, आपल्याकडे पेपरला अजून मान आहे.

क्रीडा शिक्षकांना एवढंच सांगते की जायबंदी पोराला बरा झालास की ये म्हणून घरी पाठवू नका. बहुतेक पोरं परत येत नाहीत, मी तीच होते जवळजवळ. त्याला दुसऱ्या दिवशी काम द्या, गुणपत्रक, स्टॉपवॉच, लहान मुलांचं वॉर्म-अप, काहीही, पण मैदानाच्या रेषेजवळ त्याची खुर्ची असू द्या. आणि त्याच्याकडून शत्रूच्या टीमला पाणी द्यायचं काम पण करून घ्या. शत्रू हा शब्द मी मुद्दाम लिहिलाय, आमच्याकडे पोरं तसंच म्हणतात.

तालुका क्रीडा संकुलांमध्ये आठवड्यातून एखादा दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा अशी मागणी आम्ही काही जुन्या खेळाडूंनी लेखी द्यायचं ठरवलंय, पारोळा, अमळनेर, चोपड्याकडच्या ज्यांना सही करायची असेल त्यांनी आपापल्या क्रीडा शिक्षकांकडे सांगून ठेवावं. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, त्याच्या आधी निवेदन जायला हवं.

आपली वाचक,
एक माजी खो-खो खेळाडू
ता. पारोळा, जि. जळगाव